वीस वर्षं न घेतलेलं नाव

माझा धाकटा भाऊ केलाख तळ्यावरचा नावाडी होता. वादळाला तो भ्यायचा नाही, लांडग्यांना भ्यायचा नाही. भ्यायचा तो फक्त बायकोच्या तोंडाला. आता गोरमला काही कजाग नव्हती. उलट ती इतकं कमी बोलायची की तिच्यापेक्षा तिच्या गाई बडबड्या वाटायच्या. पण तिने एकच नाव उच्चारायचा अवकाश होता, की केलाखचा एकुलता एक मुलगा त्याचा राहणार नव्हता. माहोन जन्मला त्या दिवसापासून ही धास्ती माझ्या भावाच्या पोटात बसली होती.

आमच्याकडे, शॅनन नदीच्या पश्चिमेला, मुलाचा बाप कोण ते आई सांगते. ती सांगेल तो, आणि सांगेल तेव्हा. पोर पाळण्यात असताना सांगो, नाहीतर त्याला दाढी फुटल्यावर सांगो. तिने राजाचं नाव घेतलं तर राजा नाही म्हणत नाही, कारण तसं म्हणणं त्याच्या इभ्रतीला शोभत नाही. शिवाय मुलगे जितके जास्त, तितका राजाचा दरारा मोठा. आमच्या रुआरी राजाला लग्नाच्या बायकांपासून चार मुलगे होते आणि असे नाव घेऊन मिळालेले अकरा. त्यातला एक लोहाराच्या घरून गेला होता, आणि एक तर चक्क आमच्या पाद्रीबाबांच्या घरून. पाद्रीबाबा तेव्हा महिनाभर प्रवचनात गप्प गप्प होते.

गोरमलाच्या बापाचं घर तळ्याच्या उत्तरेला. राजा माणसं, घोडी, कुत्री घेऊन प्रजेच्या घरोघर जेवत फिरतो, तसा तो एका वर्षी तिच्या बापाकडे उतरला. आठ दिवस मुक्काम ठोकून, दोन बैल आणि घरातलं सगळं लोणी फस्त करून गेला. दूध वाढायला गोरमला होती. एकोणीस वर्षांची, आणि दिसायला बरी. महिन्याभरात केलाखचं तिच्याशी लग्न झालं, कारण ते आधीच ठरलेलं होतं. मग माहोन झाला. तो वेळेवर झाला की लवकर, हे गावातल्या बायकांनी मांडून मांडून पाहिलं, पण दोन्ही बाजूंनी जमत होतं. केलाखने बायकोला विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

पुढे आमच्या कुळात आजवर कुणी झाला नाही एवढा माहोन उंच झाला. आम्ही सगळे बुटके, हात फळीसारखे रुंद. आणि हा दारातून वाकून यायचा! लोक बघायचे, हसायचे आणि केलाखच्या होडीत बसून मुद्दाम म्हणायचे, "काय रे, पोराला काय खायला घालतोस? राजाच्या ताटातलं की काय?" केलाख हसायचा. मग वल्ही इतकी जोरात मारायचा की त्या माणसाच्या अंगावर पाणी उडायचं.

त्याची सगळ्यात जास्त पंचाईत करायचा फर्गल भाट. फर्गल राजघराण्याची वंशावळ राखायचा. बाईने नाव घेतलं की ते त्याच्यासमोर, संताच्या घंटेवर हात ठेवून घ्यायचं, तेव्हाच ते खरं. राजाचं घर तळ्यातल्या बेटावर, त्यामुळे भाटाला आठवड्यातून एकदा तरी होडी लागायची. तो बसला रे बसला की केलाख विचारायचा, "आज कुठवर?" भाटाने आमचं घर सोडून कुठलंही ठिकाण सांगितलं की होडी पिसासारखी हलकी व्हायची.

मी सोर्खा, केलाखची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे येऊन राहिले होते. आता कबूल करून टाकते, मला ते नाव हवं होतं. राजाच्या मुलाला जमीन मिळते. त्याच्या आईला गाई मिळतात, आणि मेजवानीला बसायला जागा मिळते. आईच्या नणंदेला काहीच मिळत नाही, पण नणंदेने आशा धरायला काय हरकत आहे?

"अगं, एकदा बोलून टाक," मी लोणी घुसळताना गोरमलाला म्हणायचे. "शब्दाला काय जातं?"

"वन्सं, हात चालू ठेवा," ती म्हणायची. "लोणी यायला लागलंय."

मला नाव हवं होतं तरी दुसरी बाजू ठाऊक नव्हती असं नाही. आमच्या राज्यात गादी थोरल्याला मिळते असं काही नाही. राजाचा मुलगा, भाऊ, पुतण्या, चुलत नातू, जो अंगात राजाचं रक्त आणि पाठीशी माणसं घेऊन उभा राहील, त्याला गादी मागता येते. एकच अट असते, तो धडधाकट हवा. आंधळा, पांगळा राजा चालत नाही. म्हणून जो गादीवर बसतो तो आधी भाऊबंदांच्या डोळ्यांची व्यवस्था लावतो. रुआरीने स्वतः दोन भावांची लावली होती. एवढं सगळं माहीत असून मी लोणी घुसळताना गाईंची स्वप्नं बघत होते. माणूस असाच असतो, निदान मी तरी अशीच होते.

माहोन वीस वर्षांचा झाला त्या वसंतात रुआरी राजा अंथरुणाला खिळला. राजाचा मेहुणा तैग कामाला लागला. त्याला राजाचा पुतण्या फेलिम गादीवर नको होता, म्हणून तो स्वतःच्या मुठीतला एखादा तरुण शोधत होता. शोधत शोधत आमच्या दारात आला. दारातल्या दारात त्याने माहोनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "होडी वल्हवायला फारच लांब हात आहेत हे."

"मासेही पकडतो तो," केलाख घाईघाईने म्हणाला.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

मग तैगने माहोनला बाहेर नेलं आणि बराच वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलला. पोरगा आत आला तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. तो सरळ आईपुढे जाऊन उभा राहिला.

"आई, मी कुणाचा?"

"गाईंना पाणी दाखवलंस का?"

"आई!"

"नाही दाखवलंस म्हणजे," गोरमला म्हणाली आणि स्वतःच उठून गेली.

त्या दिवसापासून माहोनने केलाखला बाबा म्हणणं सोडलं. 'अहो' नाही, 'अरे' नाही, नुसतंच बोलायचा. "वल्हं कुठंय?" "भाकरी संपली का?" असं. केलाख एका दिवसात म्हातारा झाल्यासारखा दिसायला लागला. मी त्याला म्हटलं, "अरे, तूच विचार की तिला. एकदाचा काय तो निकाल लागेल."

"अक्का, विचारलं तर ती सांगेल," तो म्हणाला. "मला निकाल नकोय. मला पोरगा हवाय."

उन्हाळ्यात बायका गाई घेऊन डोंगरावरच्या कुरणात जातात, तशी गोरमला गेली. तिथेच तिला ताप भरला. घोंगडीच्या झोळीत घालून तिला खाली आणलं, तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. पाचव्या दिवशी पाद्रीबाबांनी मान हलवली. आणि त्याच दिवशी मी ते काम केलं, ज्याची मला अजून लाज वाटते. मी कुणालाही न विचारता फर्गल भाटाला आणि तैगला निरोप पाठवला. मरणाऱ्या बाईचं बोलणं आमच्याकडे सगळ्यात खरं मानतात. मी मनात म्हटलं, आता तरी ती बोलेल. ती तर चाललीच आहे, पोराचं तरी भलं होऊ दे. एवढंच नाही, बाजारात चार बायकांना मी सांगूनही मोकळी झाले की आमचा माहोन आजपासून राजपुत्र.

दुपारी घर माणसांनी भरलं. पाद्रीबाबा संताची घंटा घेऊन आले. राजाची मुलं पांघरतात तसलं चांदीच्या टाचणीचं नवंकोरं घोंगडं हातावर टाकून तैग दाराशी उभा राहिला. ते कुणाच्या खांद्यावर चढायचं होतं ते सगळ्यांना कळत होतं. माहोन आईच्या उशाशी बसला होता. केलाख कुठे दिसेना. तो मागच्या भिंतीला, दुधाच्या हंड्यांच्या पलीकडे, अंग चोरून उभा होता.

भाटाने गोरमलाचा हात घंटेवर ठेवला. ताप थोडा उतरला होता आणि तिचे डोळे उघडे होते.

"गोरमला, तुझ्या मुलाचा बाप कोण?"

भाटाने परत विचारलं. ती फक्त दाराकडे, त्या घोंगड्याकडे बघत राहिली. मग माहोनकडे बघितलं, फार वेळ. मला तर वाटलं, गेलीच. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिचे ओठ हलले.

"नावाडी."

"असं चालत नाही, बाई," भाट हळूच म्हणाला. "नाव घ्यावं लागतं."

"केलाख," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण घरभर ऐकू गेला. "तळ्यावरचा. तो काय, हंड्यांमागे लपलाय."

केलाख जिथे होता तिथेच मटकन खाली बसला आणि गळा काढून रडायला लागला. इतका मोठ्याने, की पाद्रीबाबांना वाटलं गोरमला गेली. त्यांनी अंत्यप्रार्थना सुरूही केली. ती तशीच डोळे उघडे ठेवून ऐकत पडली होती. बायको मरायला टेकलेली आणि माझा भाऊ आनंदाने रडतोय, असं दृश्य मी दुसरं पाहिलं नाही. त्याला स्वतःलाही ते कळत होतं. मध्येच तो तोंडावर हात दाबून घ्यायचा आणि परत हुंदका फुटायचा.

तैग निघून गेला, घोंगड्यासकट. माहोन उठला. आईला म्हणाला, "तू माझं आयुष्य घालवलंस." आणि डोंगरावर गाईंकडे निघून गेला.

गोरमला मात्र मेली नाही. चौथ्या दिवशी ती उठून बसली आणि मला म्हणाली, "वन्सं, या ताकात मीठ कुणी ओतलंय?" मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि तोंडाने म्हटलं, "तुझ्या नवऱ्याने. त्याला दुसरं काय येतं?"

ती जगली म्हटल्यावर तैग पुन्हा आला. त्याचं म्हणणं असं की मरणारी बाई मेलीच नाही, तेव्हा ते बोलणंही रद्द झालं, आता तिने नीट विचार करून पुन्हा नाव घ्यावं. त्याने भाटालाही सोबत आणलं होतं.

फर्गल भाट ओसरीच्या दगडावर बसला, ताक मागून प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "ती मरणाच्या दारातून परत आली, हे चांगलं झालं. शब्द परत येत नसतो. माझ्या वंशावळीत माहोन नाही. यापुढेही येणार नाही."

"तुला काय मिळालं रे असं बोलायला?" तैग भडकला.

"ताक," भाट म्हणाला. "जरा खारट होतं."

त्यानंतर केलाखने काय करावं? आठ दिवसांच्या आत तो बायकोशी भांडला! वीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या होड्या काठ्यांच्या सांगाड्यावर कातडं ताणून करतात. होडीला नवं कातडं ताणायचं होतं, आणि गोरमलाने तेच कातडं लोण्याच्या पिंपावर घालायला काढून ठेवलं होतं. आजवर तो 'बरं, घे' म्हणाला असता. त्या दिवशी तो तळ्याकाठी उभा राहून ओरडला, "नाही! म्हणजे नाही! होडी बुडाली तर लोणी काय वल्हवत नेशील?" शेजारपाजारचे लोक धावत आले. गोरमला खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन पाहिलं तर हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती.

पण माहोन काही खाली उतरला नाही. केलाख दोनदा डोंगर चढून त्याच्याकडे गेला. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होते, म्हणून ऐकलं ते सांगते. माहोनने त्याला विचारलं, "ती खरं बोलली का? तुला तरी माहीत आहे का?"

"मला माहीत नाही," केलाख म्हणाला. "मी तिला कधी विचारलं नाही. तू लहान होतास तेव्हा रोज सकाळी उठून बघायचो, तू घरात आहेस ना. असलास की त्या दिवसापुरतं बरं वाटायचं. मला एवढंच माहीत आहे."

माहोनने मान फिरवली. आम्ही खाली आलो.

पानगळीच्या सुरुवातीला रुआरी राजा गेला. फेलिमने त्याच महिन्यात टेकडीवरच्या दगडावर उभं राहून पांढरी काठी हातात घेतली आणि राजा झाला. मग त्याची माणसं निघाली. रुआरीचे मुलगे, लग्नाचे आणि नावाचे, त्यांनी गावागावांतून वेचून काढले. काही पळाले. दोघे मारले गेले. तिघांचे डोळे काढले. त्या तिघांतला एक आवलीव. राजाच्या नावाच्या मुलांतला सगळ्यात देखणा, चांदीच्या लगामाच्या घोड्यावरून तळ्याला फेरी मारायचा तो. तो दिसला की माहोन वल्हं सोडून बघत उभा राहायचा.

एके दिवशी सकाळी आमच्या दारातही सात घोडेस्वार आले. माझी बाजारातली बडबड त्यांच्या कानावर गेली होती. हे त्यांच्या नाईकानेच सांगितलं. आदल्याच दिवशी गाई खाली आल्या होत्या, म्हणून माहोनही घरीच होता. तो समोर अंगणात उभा होता. लपायला वेळच मिळाला नव्हता, आणि एवढा उंच माणूस लपणार तरी कुठे?

नाईक त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. "हा का तो?"

केलाख पुढे झाला. हातात काही नव्हतं, नुसताच पुढे झाला आणि माहोनच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभा राहिला. त्याचं डोकं माहोनच्या छातीशी येत होतं. "हा माझा मुलगा आहे," तो म्हणाला.

"बाजारात तर काही वेगळंच बोलतात."

"बाजारात मी बोलले होते," मी म्हटलं. "मी मूर्ख बाई आहे. गावात कुणालाही विचारा."

"ते तर दिसतंच आहे," नाईक म्हणाला आणि मागे वळला. त्यांच्यात फर्गल भाटही होता, तट्टावर बसलेला. यादी त्याच्याच डोक्यात असल्याने त्याला सगळीकडे फरफटत फिरवत होते, आणि चेहरा बघून कळत होतं की गेल्या काही दिवसांत त्याने बरंच काही पाहिलंय. "भाट, हा आहे का?"

"नाही," भाट म्हणाला. "आईने मरणाच्या दारात, घंटेवर हात ठेवून, तिसऱ्यांदा विचारल्यावर नाव घेतलं. केलाख नावाडी. मी होतो, पाद्री होते. रुआरीचा मेहुणा तैगसुद्धा होता."

"पण केवढा उंच आहे बघ."

"झाडंही उंच असतात. म्हणून मी त्यांना वंशावळीत घालत नाही."

एक स्वार हसला. नाईकाने अजून एकदा माहोनकडे बघितलं, मग कंटाळल्यासारखा घोड्यावर चढला. जाताना आमचं लोण्याचं पिंप घेऊन गेले, अख्खं. गोरमला स्वतः ते उचलून द्यायला गेली. इतक्या आनंदाने कुणी लोणी देताना मी पाहिलं नाही. ते वळणाआड दिसेनासे झाले आणि आम्ही चौघं अंगणात जिथे होतो तिथेच बसलो, चिखलातच. बराच वेळ कुणी उठलं नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की मला हसू येत होतं. आणि लाज वाटत होती, तीही तितकीच.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक म्हातारी आवलीवला हात धरून धक्क्यावर घेऊन आली. ज्या घरात तो लहानपणी वाढायला दिला होता, त्या घरची ती दूधआई. तळ्यापलीकडच्या मठात त्याला पोचवायचं होतं, कारण तिथे आंधळ्यांना ठेवून घेतात. त्याच्या डोळ्यांवर स्वच्छ पट्टी होती. मीही पलीकडे लोकर घेऊन जाणार होते, म्हणून होडीत बसले. केलाख पुढचं वल्हं घेऊन बसला. दुसऱ्या वल्ह्यावर बसणारा शेजारचा गडी आला नव्हता. माहोन काठावर उभा होता. तो आत उतरला आणि वल्हं हातात घेतलं.

अर्धं तळं ओलांडलं. मग आवलीवने मान उचलली.

"वल्ही दोन आहेत," तो म्हणाला. "केलाखचा हात मी ओळखतो. दुसरा कोण?"

केलाखने तोंड उघडलं, पण माहोन आधी बोलला.

"त्याचा मुलगा."

"नाव?"

"माहोन. केलाखचा माहोन."

"हो, ऐकलंय," आवलीव म्हणाला. "तुझ्या आईला भाटाने विचारलं होतं. मी सात वर्षांचा होतो तेव्हा माझ्या आईलाही विचारलं होतं." म्हाताऱ्या दूधआईने त्याच्या गुडघ्यावरचं घोंगडं सारखं केलं.

मी माझ्या भावाकडे पाहिलं. त्याचे डोळे असे भरून आले होते की त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. होडी भलतीकडेच, सरळ काठच्या लव्हाळ्यांत घुसायला निघाली होती.

"बाबा," माहोन म्हणाला, "डावीकडे."